निकाल लागेपर्यंत बाजार उठलेला असतो

डिजिटल बाजारपेठांना वेसण घालायची चर्चा आपल्याकडे सुरू झाली की ती थेट ब्रसेल्सला जाऊन पोहोचते. युरोपचा कायदा, गूगलला झालेले अब्जावधी युरोंचे दंड, बड्या कंपन्यांच्या मालकांच्या अमेरिकी संसदेतल्या साक्षी. माझ्या मते या चर्चेची सुरुवात मुंबईतूनच व्हायला हवी, आणि तीसुद्धा कुठल्या ॲपपासून नव्हे, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजारापासून, म्हणजे एनएसईपासून.

ऑगस्ट २००८मध्ये एनएसईने चलनाच्या वायद्यांचे, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला चलन घेण्या-विकण्याचे, व्यवहार सुरू केले. दोनच महिन्यांत एमसीएक्स-एसएक्स हा नवा बाजार त्याच धंद्यात उतरला. एनएसईने चलन विभागात व्यवहार शुल्क आकारलंच नाही. सभासदत्वाचं शुल्क माफ, भावांच्या डेटा फीडचं शुल्कही माफ. शेअर आणि त्यांच्या डेरिव्हेटिव्हमधून (शेअरच्या भावांवर बेतलेल्या सौद्यांमधून) बक्कळ पैसा येत असल्यामुळे चलन विभाग फुकट चालवणं एनएसईला सहज झेपत होतं. नव्या बाजाराची सगळी भिस्त चलनावरच होती, आणि समोरचा फुकट देत असताना पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? एवढ्यावर भागलं नाही. त्या काळी फोर्टपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी ब्रोकरांच्या टेबलावर ‘ओडिन’ नावाचं सॉफ्टवेअर असे. ते बनवणारी कंपनी एमसीएक्स-एसएक्सच्या प्रवर्तकांचीच होती. एनएसईने चलन विभागासाठी ओडिनला जोडणीचा कोड द्यायचं नाकारलं आणि ब्रोकरांना ‘नाऊ’ हे दुसरं सॉफ्टवेअर मोफत देऊ केलं. दोन्ही बाजारांचे भाव एकाच पडद्यावर बघून जिथे चांगला भाव मिळेल तिथे सौदा करायची ब्रोकरची सोय त्यामुळे गेली.

नोव्हेंबर २००९मध्ये हे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेलं. स्पर्धा कायदा २००२चा, पण वर्चस्वाच्या गैरवापराबद्दलचं त्यातलं कलम ४ लागू झालं मे २००९मध्ये. सात वर्षं कायदा नुसता पुस्तकात होता. आयोगाने जून २०११मध्ये एनएसईला ५५.५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचे दोन सदस्य या निर्णयाशी सहमत नव्हते, तरी बहुमताचा आदेश २०१४मध्ये अपील न्यायाधिकरणातही टिकला.

आता हे सारं आजच्या भाषेत मांडून बघा. एका धंद्यातल्या नफ्यावर दुसरा धंदा फुकट चालवणं. प्रतिस्पर्ध्याच्या सॉफ्टवेअरला जोडणी नाकारणं. स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देऊन ग्राहकाला बांधून घेणं. जिथे गर्दी असते तिथेच आणखी गर्दी होते, हा तर शेअर बाजाराचा स्थायीभाव. कारण विकणारे जिथे जास्त तिथेच घेणारे जातात. डिजिटल मक्तेदारी म्हणून आज जे काही सांगितलं जातं, ते बहुतेक सगळं या जुन्या मुंबईच्या खटल्यात आहे. आणि खटला कोणी जिंकला, तर तक्रारदाराने.

त्याच्या हाती काय आलं? एमसीएक्स-एसएक्स आज मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्स्चेंज या नावाने अस्तित्वात आहे, पण तिथली उलाढाल नगण्य आहे. न्यायाने बोलायचं तर ही सगळी करणी एनएसईची नव्हे. एमसीएक्स-एसएक्सच्या प्रवर्तकांच्याच गटातल्या एनएसईएल या दुसऱ्या बाजारात २०१३मध्ये सुमारे ५,६०० कोटींची देणी थकली आणि तो गटच त्यात बुडाला. पण तक्रारीपासून अपिलाच्या निकालापर्यंत पाच वर्षं गेली, आणि सौदे कुठे करायचे ही सवय ब्रोकरांना त्या पाच वर्षांत लागून गेली. दंड भरून ती सवय मोडत नाही.

माझा मुद्दा हाच आहे. डिजिटल बाजारात निकाल बरोबर लागूनही काही उपयोग होत नाही, कारण तो लागतो तेव्हा बाजार उठलेला असतो. दंड वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. काही मोजके नियम आधीच घालून द्यावे लागतील.

आणि गंमत म्हणजे एनएसईचा खटला आपल्याकडच्या जलद खटल्यांमध्ये मोडतो. आयोगाचा आदेश दोन वर्षांच्या आत आला होता. गूगल आपल्या शोध-निकालांत स्वतःच्याच सेवांना वर चढवतं, ही तक्रार २०१२ची. आदेश आला फेब्रुवारी २०१८मध्ये, दंड १३५.८६ कोटी. सहा वर्षांत विमानाची तिकिटं शोधून देणाऱ्या किती वेबसाइट आल्या आणि गेल्या असतील, कोण जाणे. अँड्रॉइडची चौकशी एप्रिल २०१९मध्ये सुरू झाली, १,३३७.७६ कोटींच्या दंडाचा आदेश ऑक्टोबर २०२२मध्ये निघाला. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाने घातलेल्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. त्याच ऑक्टोबरात प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून आणखी ९३६.४४ कोटींचा दंड झाला. २०२५च्या मार्चमध्ये तो अपिलात २१६.६९ कोटींवर आला. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या ठरावीक विक्रेत्यांशी असलेल्या संबंधांची आणि मोबाइलच्या ‘फक्त आमच्याकडेच’ विक्रीची चौकशी जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाली. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती आली. पुढे ती उठली, मग निरनिराळ्या उच्च न्यायालयांत याचिका पडल्या, आणि २०२५ उजाडलं तरी अंतिम आदेशाचा पत्ता नव्हता.

यात आयोगाचा आळस नाही, निदान फक्त आळस नाही. कायद्याची रचनाच तशी आहे. आधी ‘संबंधित बाजार’ कोणता ते ठरवा. मग त्या बाजारात कंपनी प्रबळ आहे हे सिद्ध करा. मग तिने गैरवापर केला हे दाखवा. अँड्रॉइडच्या निकालानंतर त्या गैरवापराचा स्पर्धेवर परिणाम काय झाला, हेही दाखवायचं आहे. प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ शेकडो पानांचे अहवाल घेऊन उभे. ही रचना सिमेंट आणि टायरच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. सिमेंटमध्ये तरी न्याय वेळेवर मिळाला का, हा वेगळा प्रश्न. २०१२ सालच्या सुमारे ६,३०० कोटींच्या दंडावरची कायदेशीर लढाई सहा वर्षांनी अपील न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात सरकली. पण सिमेंटची कंपनी उशिरा शिक्षा झाली म्हणून दुसऱ्या सिमेंट कंपनीला कायमची बाहेर फेकू शकत नाही. तिथे गोणी गोणीसारखीच असते. ऑनलाइन मंचांचं, म्हणजे प्लॅटफॉर्मचं, तसं नसतं.

प्रबळ कोणाला म्हणायचं, याच पायरीवर आपला कायदा सर्वात जास्त अडखळतो. याची दोन उदाहरणं मुंबईकरांनी स्वतः अनुभवलेली आहेत.

पहिलं टॅक्सीचं. २००७मध्ये मेरूच्या वातानुकूलित, मीटरने चालणाऱ्या टॅक्सी आल्या तेव्हा विमानतळावरून घरी जाताना घासाघीस करावी लागत नाही, याचंच अप्रूप होतं. मग ओला-उबर आले, आणि काही काळ प्रवाशाला खर्चापेक्षा कमी भाड्यात फिरता आलं. मेरूने तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयाने चौकशीला हिरवा कंदील दाखवला. एका फेरीमागे उबर २०४ रुपये तोटा सोसत असल्याचा आकडा त्या निकालात आहे. एवढा तोटा सोसण्यामागे प्रतिस्पर्ध्याला हाकलण्यापलीकडे दुसरा हेतू दिसत नाही, असाच न्यायालयाचा सूर होता. शेवटी काय झालं? २०२१मध्ये आयोगाने प्रकरण बंद केलं. उबर एकटी प्रबळ नाही, कारण समोर ओला आहे. ओलाविरुद्धची तक्रार आधीच फेटाळली गेली होती, कारण समोर उबर आहे. दोघी मिळून बाजार व्यापून बसल्या तरी एकटी कोणीच प्रबळ नाही, आणि एकत्रित वर्चस्व ही कल्पना आपल्या कायद्याला मान्य नाही.

दुसरं जिओचं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओची सेवा सुरू झाली आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत ती फुकट होती. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. जून २०१७मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. नव्याने आलेली कंपनी प्रबळ कशी असेल? कायद्याच्या शब्दांप्रमाणे आयोगाचं बरोबरच होतं. पण नवखा जर तेलशुद्धीकरणाच्या नफ्यावर उभा असेल, तर त्याची ताकद दूरसंचारातल्या त्याच्या हिश्शात मोजून कशी कळणार? एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, आरकॉम ही नावं आता जुन्या सिमकार्डांच्या पाकिटांवरच सापडतील. जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि त्याचा फायदा या देशातल्या जवळजवळ प्रत्येकाला झाला, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. मीही तो स्वस्त डेटा वापरला आहे. पण जुलै २०२४मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा ग्राहकाला जायला चौथी जागा म्हणजे बीएसएनएल होती. स्वस्ताईचा हिशेब पहिल्या वर्षावर मांडायचा की दहाव्या, एवढंच मला विचारायचं आहे.

जिथे किंमतच नसते तिथे तर हा हिशेब पारच कोसळतो. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२१मध्ये नवं धोरण आणलं: माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला संमती द्या, नाहीतर ॲप सोडा. सोडून जा म्हणणं सोपं आहे. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याने तिचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडून दाखवावा. टँकर कधी येणार, लिफ्ट कधी बंद, देखभालीची थकबाकी कोणाची, वार्षिक सभेत भांडण कशावरून होणार, सगळं तिथेच. शाळेचा ग्रुप वेगळा, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा वेगळा. फुकट वस्तूची किंमत वाढवता येत नसली तरी अटी वाढवता येतात, आणि ग्राहक हलू शकत नाही हे माहीत असलेला तसं करणारच. आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू केली, नोव्हेंबर २०२४मध्ये २१३.१४ कोटींचा दंड केला, जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड ठेवला आणि पाच वर्षांची बंदी काढली. म्हणजे ज्याने कंपनीला खरोखर चिमटा बसला असता तेच गेलं.

मग करायचं काय? इथे मला पुन्हा मुंबईकडे वळावंसं वाटतं. पैशाच्या बाजारांचं नियमन हे शहर कित्येक दशकं जवळून बघतं आहे. रिझर्व्ह बँक फोर्टात, शेअर बाजारांवर देखरेख ठेवणारी सेबी वांद्र्यात. १९९२मध्ये सेबीला कायद्याचं बळ मिळालं, त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण फुटलं. पुढे जे नियम झाले त्यांची तऱ्हा बघा. ग्राहकाचा पैसा आणि ब्रोकरचा स्वतःचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत हवा. मोठ्या ग्राहकाची ऑर्डर येणार हे कळलं म्हणून ब्रोकरने आधी स्वतःसाठी खरेदी करायची नाही. याला फ्रंट रनिंग म्हणतात आणि दलाल स्ट्रीटवर नव्याने आलेल्या पोरालाही ते माहीत असतं. हा नियम मोडणाऱ्याला पकडल्यावर ‘तो ब्रोकर प्रबळ आहे का, संबंधित बाजार कोणता, परिणाम काय झाला’ असं कोणी विचारत नाही. दुसऱ्याच्या सौद्याची माहिती विश्वासाने हातात आली आणि तू ती स्वतःसाठी वापरलीस, एवढंच पुरे.

ऑनलाइन मंचावरचा विक्रेता नेमक्या याच जागी उभा आहे. भांडुपचा एखादा छोटा उत्पादक स्वयंपाकघरातली कुठलीशी वस्तू मंचावर विकतो. ती कोणत्या रंगात जास्त जाते, कोणत्या पिनकोडवर जाते, किती रुपयांनी भाव वाढवला की खप पडतो, हे मंचाला त्याच्या आधी कळतं. सहा महिन्यांनी मंचाच्या स्वतःच्या ब्रँडची तशीच वस्तू पन्नास रुपये कमी भावाने वरच्या ओळीत दिसू लागली, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? शेअर बाजारात हा गुन्हा आहे. वस्तूंच्या बाजारात त्याला हुशारी म्हणतात. युरोपीय आयोगापुढे ॲमेझॉनने डिसेंबर २०२२मध्ये कबूल केलं की विक्रेत्यांची अप्रकाशित माहिती आपल्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही. तिथे कबूल करता आलं, तर इथे अशक्य कशावरून?

खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या ॲपचं प्रकरण जवळपास असंच आहे. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून आयोगाने एप्रिल २०२२मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचे आदेश दिले. तक्रारी कोणत्या? काही रेस्टॉरंटना झुकतं माप, इतरत्र कमी भाव लावायला मनाई, आणि ग्राहक कोण आहे हेच न सांगणं. शेवटची मला सर्वात महत्त्वाची वाटते. दादरच्या खाणावळीत रोज जेवणारा माणूस मालकाला चेहऱ्याने ठाऊक असतो. ॲपवरून रोज तीच थाळी मागवणारा ठाऊक नसतो. त्याला उद्या सांगता येत नाही की बाबा रे, थेट फोन कर, तुलाही स्वस्त पडेल आणि मलाही. ग्राहक ॲपचा होतो, पोळ्या लाटणं तेवढं खाणावळीचं राहतं.

म्हणून माझी यादी लहान आहे. मंचाच्या मालकाने विक्रेत्यांच्या गुप्त माहितीवर स्वतःचा धंदा करू नये. आपलाच माल आहे म्हणून तो वर चढवू नये. इतरत्र कमी भावाने विकू नका, अशी अट घालू नये. आणि विक्रेत्याला आपले ग्राहक, आपली रेटिंग्ज, आपला विक्रीचा इतिहास सोबत घेऊन दुसरीकडे जाता यावं. या शेवटच्या गोष्टीत अद्भुत असं काही नाही. जानेवारी २०११पासून मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलता येते, आणि तो नियम करण्याआधी कोणत्याही कंपनीचा गैरवापर सिद्ध करावा लागला नव्हता.

नियम आधी घालून द्यायचे म्हणजे वाट्टेल ते घालायचे असं मात्र नव्हे, आणि याचाही धडा वांद्रे-कुर्ला संकुलातच मिळतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२०मध्ये ठरवलं की कोणत्याही एका ॲपकडे एकूण व्यवहारांपैकी ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको. फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच तेव्हाही त्याहून कितीतरी जास्त होता, आजही आहे. मुदत आधी डिसेंबर २०२४पर्यंत वाढली, मग डिसेंबर २०२६पर्यंत. ती वाढवावी लागणारच होती. माणसं आपणहून एखादं ॲप वापरत असतील तर त्यांना काय म्हणायचं, तुमचा कोटा संपला? वाट्यावर मर्यादा घालणारा नियम कागदावर कडक आणि व्यवहारात लुळा असतो.

पण त्याच यूपीआयमध्ये दुसरा एक नियम आहे, ज्याची कोणी चर्चा करत नाही, कारण तो चालतो. कोणत्याही ॲपवरून कोणत्याही बँकेत पैसे गेले पाहिजेत. भाजीवालीने गाडीवर कोणत्याही कंपनीचा क्यूआर लावलेला असो, आपण आपल्या ॲपने पैसे देतो. समजा तसं नसतं, तर क्रॉफर्ड मार्केटातल्या दुकानात पाच वेगळी स्टिकरं लावावी लागली असती आणि सहाव्या ॲपला जन्मच घेता आला नसता. दोन कंपन्या मोठ्या झाल्या तरी तिसरीसाठी दार उघडं आहे. कायद्याने दाराकडे बघावं, आत कोण किती ऐसपैस बसलंय ते मोजू नये.

दुसरा धडा वाशीचा आहे, आणि तो मला माझ्याच मताबद्दल सावध करतो. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा १९६३चा. रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव, वजनातला मार, व्यापाऱ्याच्या मर्जीवर चालणारा बाजार, या सगळ्यावरचा तो उपाय होता: उघड लिलाव, परवानाधारक व्यापारी, ठरलेली आडत म्हणजे दलाली. म्हणजे आजच्या भाषेत आधी घातलेले नियमच. काही दशकांत परवाना हीच तटबंदी झाली. ज्यांच्याकडे गाळा आणि परवाना त्यांचाच बाजार, आणि आडत जायची शेतकऱ्याच्या खिशातून. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि आडत खरेदीदाराने द्यावी असं ठरवलं, तेव्हा वाशीच्या व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. मक्तेदारी मोडायला केलेला कायदा मक्तेदारीचंच कवच होऊ शकतो. म्हणूनच डिजिटल बाजारात परवाने, नोंदण्या, परवानग्या असलं काही नको. कोणी यावं यावर नियम नकोत; आल्यावर आणि मोठं झाल्यावर काय करू नये, एवढेच हवेत. आणि दर काही वर्षांनी ते पुन्हा तपासायची सक्ती कायद्यातच हवी.

या साऱ्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, अशा नियमांनी ग्राहकाचंच नुकसान होतं. यात तथ्य आहे. युरोपात नवा डिजिटल कायदा मार्च २०२४पासून पूर्णपणे लागू झाल्यावर गूगलच्या शोधातून नकाशावर थेट जायची सोय गेली, आणि ॲपलने आपल्या काही नव्या सोयी तिथे उशिरा आणल्या. लोक वैतागले. हा खर्च आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. पण त्यातला किती खर्च कायद्याचा आणि किती कंपन्यांच्या रुसव्याचा, हेही बघावं. दुसरा आक्षेप: तंत्रज्ञानात कोणीच कायम टिकत नाही, ऑर्कुट गेलंच ना? गेलं, २०१४मध्ये. पण त्याची जागा घेणाऱ्या फेसबुकने पुढे काय केलं? उद्या आपल्याला हरवू शकतील अशा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपला विकतच घेतलं. व्हॉट्सॲपचा सौदा १९ अब्ज डॉलरचा होता, तरी असे सौदे केवळ मालमत्ता आणि उलाढाल लहान म्हणून आपल्या आयोगाच्या नजरेतून सुटायचे. ती फट २०२३च्या दुरुस्तीने बुजवली. सप्टेंबर २०२४पासून २,००० कोटींहून मोठ्या सौद्यांना, भारतात कंपनीचा पुरेसा व्यवसाय असेल तर, आयोगाची परवानगी लागते. चांगली सुधारणा आहे.

एक युक्तिवाद मात्र मला पटत नाही आणि तो माझ्याच बाजूचे लोक करतात: किराणावाले वाचवण्यासाठी हा कायदा हवा. वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४मध्ये दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध आयोगाकडे दाद मागितली. खर्चाखाली विकतात, हा त्यांचा आक्षेप तपासायलाच हवा. पण लोकांना रात्री साडेदहाला कोथिंबीर घरी हवी असेल आणि कोणी ती रास्त भावात देत असेल, तर कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान चालू ठेवणं हे स्पर्धा कायद्याचं काम नाही. त्या वाण्याची मला काळजी नाही असं नाही. त्याच्यासाठी जे करायचं ते जागेच्या भाड्यात, कर्जात, मालाच्या घाऊक भावात करा. स्पर्धेच्या कायद्याला स्पर्धकांची ढाल बनवलं की पुढच्या निवडणुकीपर्यंत ती ढाल कोणाच्याही हातात जाते.

आता आपला मसुदा. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२मध्ये सांगितलं की बड्या डिजिटल कंपन्यांसाठी आधीच नियम हवेत. फेब्रुवारी २०२३मध्ये सरकारने समिती नेमली आणि मार्च २०२४मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. शोधयंत्र, समाजमाध्यमं, ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, क्लाउड, जाहिराती असे नऊ प्रकार त्यात आहेत. आर्थिक निकष ओलांडणाऱ्या, म्हणजे उदाहरणार्थ देशात ४,००० कोटींची उलाढाल असणाऱ्या, आणि शिवाय एक कोटी वापरकर्ते किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते असणाऱ्या कंपन्या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणजे अंधेरीतल्या एका खोलीत चालणाऱ्या स्टार्टअपचा यात बळी जाईल, ही ओरड पोकळ आहे. विरोध झाला, आणि आधी बाजाराचा अभ्यास करू म्हणून सरकारने मसुदा बासनात ठेवला. अभ्यासाला माझा विरोध नाही. पण २०१२पासूनच्या खटल्यांच्या फायली हाही अभ्यासच आहे, आणि तो आपण पैसे मोजून केलेला आहे.

कायद्यापेक्षा मला जास्त चिंता तो राबवणाऱ्यांची वाटते. ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलवरचे दोन आदेश आले त्याच सुमारास आयोगाचे अध्यक्ष निवृत्त झाले, आणि मे २०२३मध्ये नवे अध्यक्ष येईपर्यंत आयोगाकडे निर्णय घेण्याइतकी गणसंख्याच नव्हती. अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण तेच, जे देशभरातल्या दिवाळखोरीच्या प्रकरणांनीही वाकलेलं आहे. कंपन्यांकडे अल्गोरिदम लिहिणारे हजारो, आयोगाकडे ते वाचू शकणारे मोजके. सेबीने शेअर बाजारातल्या सौद्यांवर संगणकाने नजर ठेवायची यंत्रणा उभारली, तिला वर्षं लागली आणि पैसा लागला. तसा पैसा इथे कोणी देऊ केलेला माझ्या वाचनात नाही.

आणि मसुद्यातलं एक कलम केंद्र सरकारला अधिकार देतं की ते एखाद्या कंपनीला किंवा कंपन्यांच्या वर्गाला या कायद्यातून सूट देऊ शकेल. चर्चा गूगल-मेटावर चालू असल्यामुळे या कलमाकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. पण ऑगस्ट २०२४मध्ये स्पर्धा आयोगाने रिलायन्स आणि डिस्ने यांच्या सुमारे ७०,००० कोटींच्या विलीनीकरणाला काही अटींवर मंजुरी दिली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. दूरसंचार, क्रिकेटचं प्रक्षेपण, किरकोळ विक्री आणि जाहिराती एकाच छपराखाली असलेला उद्योगसमूह मुंबईतच आहे. परदेशी कंपनीला लागू होणारा नियम त्यालाही लागू होणार का, याचं उत्तर या कलमावर ठरेल. नवा मसुदा येईल तेव्हा हे कलम वगळलेलं असावं. वगळणं शक्यच नसेल, तर सूट कोणाला, किती काळ आणि कोणत्या कारणाने दिली हे लेखी कारणांसह संसदेपुढे ठेवायची अट तरी त्यात हवी.